मुलांची लस : केव्हां आणि कां ?

मूल जन्मास आलें कीं आमच्या घरांतून प्रथम वेळ टिपून ठेवतात आणि मग पंचांग उघडतात. नक्षत्राचा चरण पाहून नांवाचें अक्षर निघतें, बारशाचा दिवस ठरतो, पुढें उष्टावण, जावळ, पहिला वाढदिवस असा क्रम लागतो. ह्या सर्व तिथी आजीच्या जिभेवर असतात व त्यांपैकीं एकहि सहसा चुकत नाहीं. त्याच सुमारास प्रसूतिगृहांतून निघतांना आईच्या हातीं आणखी एक कागद दिलेला असतो. त्याचें नांव माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावरहि तिथीच असतात. परंतु तो कागद बहुधा औषधांच्या पावत्यांबरोबर कपाटांत जातो, आणि 'अग बाई, बाळाची लस राहिलीच कीं !' हें वाक्य दोन-तीन महिन्यांनीं केव्हां तरी ऐकूं येतें.

सुशिक्षित घरांत लस नको असें म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. भेटतो तो 'पुढच्या आठवड्यांत पाहूं' असें म्हणणारा. आमच्या घरांतील मुलांचें नुकसान नकारानें होत नाहीं, चालढकलीनें होतें. ही चालढकल कोणी दुष्टपणानें करीत नाहीं. तारखा कोणी तरी आपल्या सोयीसाठीं घातल्या असतील, चार दिवस इकडे तिकडे झाले तर काय बिघडलें, असा भाबडा समज तिच्या मुळाशीं असतो. वस्तुतः त्या प्रत्येक तारखेस कारण आहे. कारण समजलें कीं तारीख पाळावीशी वाटते. विद्यार्थ्याचें तसेंच असतें व मोठ्या माणसांचेंहि तसेंच. म्हणून हा लेख. आम्ही वैद्य नव्हों. भारत सरकारचें जें राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक आहे त्यांतील क्रम व त्यामागील कारणें वाचकांपुढें सोप्या शब्दांत ठेवावीं, एवढाच आमचा हेतु आहे.

दंडावरील खुणा

साठी ओलांडलेल्या कोणाहि माणसाच्या हातावर दोन-तीन गोल वण दिसतात. त्या देवी काढल्याच्या खुणा होत. इ. स. १७९६ च्या मे महिन्यांत एडवर्ड जेन्नर ह्या इंग्रज वैद्यानें एका गवळणीच्या हातावर उठलेल्या गाईच्या देवीच्या फोडांतील द्रव घेऊन तो आठ वर्षांच्या एका मुलास टोचला, व पुढें त्या मुलास माणसांच्या देवींची बाधा होत नाहीं असें दाखवून दिलें. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं ही लस बगदाद व बसरा ह्या मार्गानें मुंबईस पोंचली. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी रीतीनें लस घेणारी ती पहिली व्यक्ति होय. तेव्हां बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एका मुलाच्या दंडावरील फोडांतून दुसऱ्याच्या दंडांत, तेथून तिसऱ्याच्या, अशा हातोहातच्या साखळीनें ती लस मुंबईहून सुरत, हैदराबाद व मद्रासपर्यंत गेली. लहान मुलांच्या दंडांनींच तिला देशभर वाहून नेलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्या देशांतील देवीचा शेवटचा स्थानिक रोगी इ. स. १९७५ च्या मे महिन्यांत आढळला. १९७७ सालीं देश देवीमुक्त ठरला आणि १९८० सालीं सारें जग. पुढें देवी काढणेंच बंद झालें. आजच्या मुलांच्या डाव्या दंडावर जी एकच लहानशी खूण दिसते ती देवीची नव्हे, क्षयाच्या लसीची होय. मुंबईंत प्लेगानें थैमान घातलें असतां वाल्देमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञानें आपण तयार केलेली प्लेगाची लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. परळ येथील संस्था आजहि त्यांचें नांव चालवीत आहे.

हा झाला ऐकीव इतिहास. डोळ्यांनीं पाहिलेलेंहि कांहीं आहे. आम्हीं शिकवावयास आरंभ केला तेव्हां शाळेंत लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून, गुडघ्यावर हात रोवून चालणारीं मुलें असत. पोलिओनें त्यांचे पाय नेले होते. मधल्या सुटींत तीं भिंतीशीं टेकून इतरांचा खेळ पाहात. इ. स. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. नैसर्गिक पोलिओचा देशांतील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यांत नोंदला गेला. आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. आम्ही निवृत्त झालों त्या वर्षीं आमच्या वर्गांत तसा बूट एकहि नव्हता. हा फरक काळानें आपोआप केलेला नाहीं.

लस म्हणजे काय व ती पुनः पुनः कां ?

रोगाचा जंतु प्रथमच शरीरांत शिरतो तेव्हां शरीरास तो अनोळखी असतो. त्याला ओळखून त्याच्याविरुद्ध योग्य तीं प्रतिद्रव्यें तयार करण्यास शरीरास दिवस लागतात, आणि तान्ह्या मुलाच्या बाबतींत तेवढ्या दिवसांत रोग आपलें काम उरकून घेतो. लस म्हणजे त्या जंतूची आगाऊ करून दिलेली ओळख होय. कधीं तो जंतु मारून देतात, कधीं त्याचें बळ काढून घेऊन देतात, कधीं त्याचा नुसता एक अंश देतात. त्यानें रोग होत नाहीं, पण शरीर त्याचें रूप ध्यानांत ठेवतें. खरा शत्रु दारीं येतो तेव्हां तयारी झालेली असते.

मग एकदां ओळख करून दिल्यावर पुनः तीच लस कां ? शब्दरूपावलि पाठ केलेल्यांस ह्याचें उत्तर सांगावयास नको. पहिल्या दिवशीं रूपें म्हटलीं तर सायंकाळपर्यंत राहतात. चार दिवसांनीं दुसरी आवृत्ति झाली, पुढें तिसरी झाली, म्हणजे तीं पक्कीं बसतात. आणि वर्षा-दोन वर्षांनीं उजळणी केली तर आयुष्यभर विसरत नाहींत. शरीराची स्मृति ह्याच न्यायानें चालते. पहिल्या तीन मात्रा ह्या तीन आवृत्त्या, व पुढची वर्धक मात्रा ही उजळणी. दोन आवृत्त्यांत निदान चार आठवड्यांचें अंतर लागतें. त्याहून घाई केली तर पहिली आवृत्ति मुरत नाहीं. आणि फार उशीर केला तर शिकलेलें वायां जातें असें नव्हे, पण मधल्या काळांत मूल अर्धवट पाठांतरावर परीक्षेस बसलेलें असतें. परीक्षेची तारीख रोग ठरवितो, आपण नव्हे.

वेळापत्रक

हिंदुस्थानांत हा कार्यक्रम इ. स. १९७८ सालीं सुरू झाला व १९८५ पासून त्यास सार्वत्रिक लसीकरणाचें रूप आलें. सरकारी केंद्रांत ह्या सर्व लसी विनामूल्य मिळतात. एकंदर बारा रोगांविरुद्ध ही योजना आहे. आतां तिचा क्रम पाहूं.

आरंभ मूल जन्मण्यापूर्वींच होतो. गर्भवतीस धनुर्वात व घटसर्प ह्यांविरुद्धची लस चार आठवड्यांच्या अंतरानें दोनदां देतात. मागील गरोदरपणाच्या वेळीं ती घेतली असेल व तीन वर्षें लोटलीं नसतील तर एकच मात्रा पुरते. आईच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें नाळेवाटे बाळास मिळतात. पूर्वीं नाळ कापतांना धनुर्वात होऊन किती तरी बालकें सहाव्या-सातव्या दिवशीं दगावत. इ. स. २०१५ सालीं आपला देश माता व नवजात ह्यांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनास पात्र ठरला. त्यांत ह्या लसीचा वांटा मोठा आहे.

जन्मतः तीन लसी. पहिली कावीळ 'ब' ची, व ती चोवीस तासांच्या आंत. इतकी घाई अशासाठीं कीं, आईच्या रक्तांत हा विषाणु असल्यास प्रसूतीच्या वेळींच तो बाळास लागतो. जन्मतः बाधा झालेल्या दहा बालकांपैकीं नऊंपर्यंत बालकांत तो कायमचा ठाण मांडतो आणि ऐन तारुण्यांत यकृत पोखरतो. दुसरी क्षयाची लस, बीसीजी. ती मोठेपणींच्या फुप्फुसाच्या क्षयास पुरतें थोपवीत नाहीं, हें खरें; परंतु तान्ह्या मुलाच्या मेंदूस व सर्वांगास होणारा भयंकर क्षय ती टाळते, म्हणून ती जन्मतःच द्यावयाची. राहिली तर वर्ष पुरें होण्यापूर्वीं देतां येते, पुढें नाहीं. तिसरे पोलिओचे तोंडावाटे द्यावयाचे थेंब. हे पहिल्या पंधरा दिवसांच्या आंत.

सहा, दहा व चौदा आठवडे, म्हणजे दीड, अडीच व साडेतीन महिने. ह्या तीन भेटी सर्वांत महत्त्वाच्या. प्रत्येक भेटींत मांडीवर पेंटाव्हॅलेंट नांवाची लस टोचतात. पेंटाव्हॅलेंट म्हणजे पांच रोगांविरुद्धची एकत्र लस : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब', आणि न्यूमोनिया व मेंदूज्वर आणणारा हिब नांवाचा जंतु. शिवाय पोलिओचे थेंब आणि जुलाब आणणाऱ्या रोटा विषाणूविरुद्धची तोंडावाटे द्यावयाची लस ह्याहि तिन्ही वेळां देतात. सहाव्या व चौदाव्या आठवड्यास पोलिओची टोचण्याची लस व न्यूमोकोकल जंतूविरुद्धची लस ह्यांची भर पडते. आरंभ दीड महिन्यासच कां ? डांग्या खोकला हा तान्ह्यांचा वैरी आहे. मोठें मूल खोकून खोकून थकतें. दोन महिन्यांच्या बाळाचा श्वासच थांबतो. आईकडून आलेलें संरक्षण ह्या रोगापुरतें तुटपुंजें असतें. म्हणून शरीर लसीचा पाठ घेण्याइतकें तयार होतांच आरंभ करतात. त्यापूर्वीं उपयोग कमी, त्यानंतर धोका अधिक. सहा आठवडे हा त्या दोहोंचा मध्य आहे.

नऊ महिने पूर्ण होतांच गोवर-रुबेलाची पहिली मात्रा. त्याच भेटींत न्यूमोकोकलची वर्धक मात्रा, पोलिओची टोचण्याची तिसरी मात्रा व जीवनसत्त्व 'अ' चें पाजावयाचें औषध. विशिष्ट जिल्ह्यांत, व विदर्भांतील कांहीं जिल्हे त्यांत येतात, जपानी मेंदूज्वराची लसहि ह्या वेळीं देतात. गोवराची लस नऊ महिन्यांपर्यंत कां थांबवितात, हें समजण्याजोगें आहे. आईकडून आलेलीं गोवराचीं प्रतिद्रव्यें बाळाच्या रक्तांत कित्येक महिने असतात. तीं बाळाचें रक्षण करतात, पण लसीलाहि निकामी करतात. तीं ओसरलीं कीं लस चांगली लागूं पडते. परंतु तीं ओसरलीं कीं बाळ उघडेंहि पडतें. ज्या देशांत गोवर विरळ आहे तेथें बारा महिन्यांपर्यंत थांबणें परवडतें. आपल्याकडे रोग लवकर गांठतो, म्हणून नववा महिना. ह्या वयांत शंभरांपैकीं सुमारें पंचाऐशीं मुलांस पहिल्या मात्रेनें संरक्षण मिळतें. उरलेल्यांसाठीं दुसरी मात्रा आहे. म्हणजे दुसरी मात्रा ही शोभेची नव्हे.

सोळा ते चोवीस महिने. गोवर-रुबेलाची ही दुसरी मात्रा, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची पहिली वर्धक मात्रा, पोलिओचे वर्धक थेंब. आणि जेथें लागू असेल तेथें जपानी मेंदूज्वराची दुसरी मात्रा. ह्या भेटीस सर्वांत अधिक गळती होते, कारण मूल आतां धांवूं लागलेलें असतें व 'आतां काय, मोठें झालें' असें घरांत वाटूं लागतें.

पांच ते सहा वर्षे. त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा, शाळेंत पाऊल टाकण्याच्या सुमारास. पुढें दहाव्या व सोळाव्या वर्षीं धनुर्वात-घटसर्पाची एकेक मात्रा. ह्या शेवटच्या दोहोंची आठवण तर बहुतेक घरांत कोणासच नसते. मुलगा गुडघा फोडून घरीं आला कीं मग 'इंजेक्शन घेतलें होतें का रे ?' अशी विचारपूस सुरू होते.

ह्याखेरीज कांजिण्या, विषमज्वर, गालगुंड इत्यादींच्या लसी बालरोगतज्ज्ञ सुचवितात. ऐपत व डॉक्टरांचा सल्ला पाहून त्या अवश्य घ्याव्या. मात्र वर सांगितलेल्या मूळ क्रमास त्या पर्याय नव्हेत, त्या त्याची भर आहेत.

एका घरांतील हकीकत

तारीख चुकल्यानें काय होतें, ह्याचें एक उदाहरण देतों. इ. स. २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवराची मोठी सांथ आली होती व तींत लहान मुलें दगावलीं. त्या दिवसांत आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील मंडळी लग्नासाठीं मुंबईस गेली. बरोबर थोरल्या सुनेचा अकरा महिन्यांचा मुलगा होता. त्याची नवव्या महिन्याची लस राहिली होती. प्रथम त्याला सर्दी होती म्हणून. मग आई माहेरीं गेली व कार्ड सासरीं राहिलें म्हणून. मग लग्नाच्या गडबडींत ताप नको म्हणून. घर सुशिक्षित, दवाखाना दोन रस्ते पलीकडे, लसीस विरोध कोणाचाच नाहीं.

परत आल्यावर दहा-बारा दिवसांनीं मुलास ताप आला, डोळे लाल झाले, मग अंगावर पुरळ उठला. गोवर हा पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधींपासून पसरतो. तेव्हां ओळख पटेपर्यंत जें व्हावयाचें तें झालें होतें. तो मुलगा आठ-दहा दिवसांत सांवरला. पण त्याच घरांत धाकट्या सुनेची सात महिन्यांची मुलगी होती. तिच्या लसीची वेळ अद्यापि आलीच नव्हती. तिच्या कार्डांत एकहि चूक नव्हती. तिला गोवर झाला, त्यावर न्यूमोनिया झाला, आणि नऊ दिवस ती प्राणवायूवर होती. देवाच्या दयेनें ती वांचली. पुढें कित्येक महिने तिचें वजन भरेना. त्या घरच्या आजी आम्हांस एवढेंच म्हणाल्या, 'आमच्या मुलाचें राहिलें, आणि भोगलें तिनें.'

एकत्र कुटुंबानें ही गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. गोवराचा एक रोगी असंरक्षित समाजांत बारा ते अठरा जणांस रोग देऊं शकतो; इतका पसरणारा दुसरा रोग क्वचितच सांपडेल. समाजांतील शंभरांपैकीं पंचाण्णव जण संरक्षित असतील तरच त्याची सांखळी तुटते. ज्यांना वयामुळें किंवा आजारामुळें लस देतां येत नाहीं, त्यांचें रक्षण हे पंचाण्णव जण करतात. आपल्या घरांत एकाच माजघरांत चार भावंडें व चुलत भावंडें निजतात, एकाच ताटांत जेवतात. म्हणून येथें लस ही एका मुलाची खासगी बाब राहात नाहीं. थोरल्याची लस हें धाकट्याचें पांघरूण आहे.

राहून जाण्याचीं कारणें

लस राहून जाण्याचीं कारणें आम्हीं अनेक घरांतून ऐकलीं आहेत. त्यांचा विचार करूं.

'बाळास सर्दी आहे.' साधी सर्दी, किंचित् ताप, थोडे जुलाब, दांत येणें, हीं लस थांबविण्याचीं कारणें नव्हेत. मूल खरोखर अत्यवस्थ असेल तर गोष्ट वेगळी. पण हा निर्णय दवाखान्यांत जाऊन डॉक्टरांनीं करावयाचा. घरीं बसून आपण करावयाचा नव्हे.

'मूल अपुऱ्या दिवसांचें आहे.' अशा मुलाचे आठवडेहि जन्मदिवसापासूनच मोजतात. किंबहुना त्यासच संरक्षणाची गरज अधिक. वजन फारच कमी असल्यास डॉक्टर क्वचित् बदल सुचवितात, तेवढा पाळावा.

'एका दिवशीं तीन तीन सुया कशाला ?' प्रत्येक दिवशीं धुळींतून, दुधांतून, माणसांच्या हातांतून मुलाच्या शरीरास असंख्य जंतूंची गांठ पडत असते. त्या मानानें ह्या लसींचें ओझें अगदीं थोडें आहे. वेगवेगळ्या दिवशीं द्याव्या म्हटलें तर सुयांची संख्या तीच राहते, फेऱ्या वाढतात व एखादी फेरी चुकते.

'लस घेतली कीं ताप येतो.' पेंटाव्हॅलेंटनंतर एक-दोन दिवस ताप, टोंचल्या जागीं सूज व दुखणें, रडणें, हें पुष्कळ मुलांत होतें व आपोआप जातें. बीसीजीच्या जागीं दोन ते सहा आठवड्यांनीं पुळी येऊन ती फुटते व वण राहतो. तो लसीचाच क्रम आहे. त्यावर हळद, तेल, लेप कांहींहि लावूं नये, चोळूं नये, शेकूं नये. वण उठला नाहीं म्हणून ती लस पुनः देण्याचेंहि कारण नाहीं. गोवराच्या लसीनंतर आठ-दहा दिवसांनीं क्वचित् बारीक ताप व पुरळ येतो. तापावर कोणतें औषध व किती, हें वजन पाहून डॉक्टरांनीं सांगितलेलें असावें. स्तनपान मुळींच थांबवूं नये; पोलिओच्या थेंबांनंतरहि लगेच पाजण्यास हरकत नाहीं.

'तारीख गेली, आतां पुनः पहिल्यापासून करावें लागेल.' हा समज फार पसरलेला आहे व लाजेनें पुढची फेरीच टळते. वस्तुतः जेथें थांबलें तेथून पुढें चालावयाचें असतें. झालेली मात्रा फुकट जात नाहीं. मात्र रोटा व बीसीजी ह्यांसारख्या कांहीं लसींचा दरवाजा वर्षानंतर बंद होतो, म्हणून उशीर ध्यानांत येतांच जावें.

'लसीनें मूल मंद होतें असें वाचलें.' गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशीं संबंध असल्याचें सुचविणारा एक लेख इ. स. १९९८ सालीं इंग्लंडांतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत आला होता. पुढें लक्षावधि मुलांच्या तपासण्या झाल्या. तसा संबंध कोठेंच आढळला नाहीं, आणि त्याच नियतकालिकानें २०१० सालीं तो लेख मागें घेतला. लेख मेला, पण त्याची अफवा अजून घरोघर फिरते.

सावधगिरी कोठें ?

आंधळी श्रद्धा आम्हांस कोठेंच मान्य नाहीं, येथेंहि नाहीं. पूर्वींच्या एखाद्या लसीनंतर मुलास श्वास लागला असेल, सर्वांगास गांधी आल्या असतील, किंवा आंचके आले असतील, तर तें लस देणाऱ्यास आधीं सांगितलेंच पाहिजे. मुलाची रोगप्रतिकारशक्ति जन्मतः किंवा औषधांमुळें क्षीण असेल तर जिवंत लसींबाबत तज्ज्ञांचें मत घ्यावें. तीव्र प्रतिक्रिया फारच विरळ, सुमारें दहा लाख मात्रांत एखादी. परंतु ती आल्यास पहिल्या कांहीं मिनिटांतच येते व तिचा उपाय केंद्रांत तयार असतो. म्हणून लस झाल्यावर अर्धा तास तेथेंच बसावें. घरीं आल्यावर मूल तीन तासांहून अधिक एकसारखें रडत राहिलें, निपचित पडलें, किंवा त्यास आंचके आले, तर वाट पाहूं नये; तडक डॉक्टरांकडे न्यावें.

दुसरी सावधगिरी थंडाव्याची. बहुतेक लसी दोन ते आठ अंश उष्णतामानांत ठेवाव्या लागतात. उन्हानें कांहीं बिघडतात, गोठल्यानें कांहीं. दुकानांतून बाटली घेऊन पिशवींत घालून दुपारीं दवाखान्यांत नेणें म्हणजे पाणी टोचण्यासारखें होय. लस जेथें नीट सांठविली जाते तेथेंच ती घ्यावी. सरकारी केंद्रांतील बाटलीवर एक वर्तुळ व त्यांत चौकोन असतो. चौकोन बाहेरील वर्तुळापेक्षां फिकट असेल तर ती लस उष्णतेनें बिघडलेली नाहीं असें समजावें. परिचारिकेस हें दाखविण्यास विनयानें सांगितल्यास ती आनंदानें दाखवील.

कार्ड कोणाकडे ?

एवढें सर्व समजूनहि तारीख चुकते, कारण आपल्या घरांत जें सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें. आईस वाटतें, सासूबाई सांगतील. सासूबाईंस वाटतें, हल्लींच्या मुली शिकलेल्या आहेत, त्यांना ठाऊक असेल. आणि बाळाचे वडील संध्याकाळीं घरीं येईपर्यंत केंद्र बंद झालेलें असतें. ह्यावर आमची सूचना साधी आहे. निवृत्त झालेल्या आजोबांनीं हें काम आपल्याकडे घ्यावें. वेळ त्यांच्यापाशीं आहे, आणि वेळ पाळण्याची संवय नोकरीनें त्यांना लावलेली आहे. बाळ जन्मतांच त्याचे दीड, अडीच व साडेतीन महिने, नववा महिना व सोळावा महिना भिंतीवरील दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहून ठेवावे. सून माहेरीं जावयास निघाली कीं बाळाच्या अंगड्या-टोपड्यांबरोबर कार्डहि तिच्या पिशवींत गेलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. ज्या गांवीं मूल असेल त्या गांवीं लस मिळते. घरींच परतावें लागतें असें नाहीं. कार्डाची एक छायाप्रत घरीं ठेवावी.

आणि केवळ तान्ह्यांचेंच पाहूं नये. घरांतील पांच, दहा व सोळा वर्षांच्या मुलांचींहि कार्डें बाहेर काढावीं. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर तीं सर्व एका ठिकाणीं मांडून पाहावीं. जेथें एखादी चौकट रिकामी दिसेल तेथें मुलाचें नांव एका कागदावर लिहावें, आणि उद्यां सकाळीं तो कागद घेऊन जवळच्या आरोग्यकेंद्रांत जावें.